ज्यांनी आधी खाल्लं, त्यांना विचारून

ऊर्जानगर, चंद्रपूर
८ एप्रिल २०२५

प्रिय सोनी,

सप्रेम जय भीम, आणि तुझ्या घरी सगळ्यांना जय सेवा. तू, जंगू, सूनबाई आणि नातवंडं बरी असाल असं धरून चालते. मोहाचे दिवस आहेत, म्हणजे तुम्ही सगळे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली. दोन-तीनदा फोन लावला. तुमच्या गावात टॉवर उभा राहिला म्हणून जंगूने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, पण तो नुसता उभाच आहे वाटतं. मग म्हटलं, पत्र बरं. सिस्टर फिलोमिनाने आपल्याकडून घोटून घेतलेलं अक्षर वाया कशाला घालवायचं?

इकडे ऊन आत्ताच डोक्यावर बसलं आहे. स्वातीने कुरड्या घातल्या, त्यांवर जुन्या ओढण्या पसरल्या, तरी संध्याकाळी बोट फिरवलं तर काळं. प्लांटची कृपा. माझी ही सून कोळशाच्या राखेशी रोज भांडते आणि रोज हरते. नागसेनची शिफ्ट बदलत असते, त्यामुळे घरात कोणीतरी नेहमी झोपलेलं आणि कोणीतरी नेहमी 'हळू बोला' म्हणणारं असतं. सोमवारी जयंती. कॉलनीतल्या मुलांचं गाणं दरवर्षी मी बसवते, या वर्षी नाही म्हटलं.

का, ते सांगायलाच कागद घेतला होता, आणि बघ, कुरड्यांवर आले.

मार्चमध्ये नागपूरला माझं पोटाचं ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्यात गाठ होती. साधी नव्हती. गाठ सगळी निघाली, पण जवळच्या बारक्या गाठींतही थोडं सापडलं, म्हणून आता काही महिने केमो घ्यायची. गोळ्या आहेत, घरीच घ्यायच्या. तुला आधी कळवलं नाही, रागावू नकोस. मोहफुलं टाकून तू धावत आली असतीस. आता बरी आहे. जखम भरली. वरणभात जातो.

अडलं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, मला मावशी म्हणतात. त्या म्हणाल्या, हे औषध काम करून झाल्यावर शरीराला ते मोडून बाहेर टाकावं लागतं, आणि त्यासाठी आपल्या अंगात एक एन्झाइम असतं. काही थोड्या माणसांत ते जन्मापासूनच कमी असतं. मग नेहमीचा डोससुद्धा त्यांच्या अंगात साचत जातो आणि विषासारखा होतो. रक्त तपासलं की ते आधी कळतं. सगळीकडे अजून ही तपासणी करत नाहीत. रक्त मुंबईला जातं, रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागतात. "करायची का, तुम्ही ठरवा," म्हणाल्या.

नागसेनला घाई झाली आहे. "आई, लाखोंनी घेतलं असेल हे औषध. दोन आठवडे नुसती वाट पाहायची, तोवर आत काही वाढलं म्हणजे?" त्याचंही खरं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे, सोनी. प्लांटमधून येतो तो आधी माझ्या खोलीत डोकावतो, मग हात धुतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात याआधी कोणी हे औषध घेतलं होतं का, कोणाला फार त्रास झाला का? मी म्हटलं, नाही. कोणी नाही. पुढच्या बुधवारी जायचं आहे, तेव्हा काय ते ठरेल.

काल स्वातीने बाजारातून या वर्षीचा पहिला आंबा आणला, आणि मला तू आठवलीस. बोर्डिंगच्या जेवणघरात, गुडघ्यांवर बसलेली, हातात आंबा धरलेली. सुट्टी लागायच्या आधी सिस्टर सगळ्यांना एकेक आंबा द्यायची, आणि तू म्हणायचीस, "आमच्या गावचा पंडुम, नव्या आंब्याचा सण, झाल्याबिगर मी नवा आंबा खात नाई." सिस्टर तिच्या केरळी मराठीत समजावून थकली, की हा गॉडने दिलेला मँगो आहे, मग शिक्षा. तू गुडघ्यांवर बसलीस पण तोंड उघडलं नाहीस. दुपारी सगळ्या झोपल्यावर तो आंबा मी खाल्ला. तू बघत होतीस आणि हसत होतीस. भेटीच्या रविवारी माझी कमळाताई आली, तेव्हा तू तिला माझं नाव सांगून टाकलंस. तिने माझा कान धरला आणि तुला पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून दिले. तुझ्या वेणीला रिबन तीच बांधायची, नाही का? मला जमायचं नाही.

तुमच्यात का थांबतात, हे मी कधी विचारलंच नाही. इतकी वर्षं झाली. सांगशील?

ये असं म्हणत नाही. ऊन फार आहे, आष्टीला बस बदलावी लागते, आणि मोहफुलं पडताहेत.

तुझी,
मनी


ऊर्जानगर
२० एप्रिल

प्रिय सोनी,

जय सेवा. पोचलीस का नीट? जंगूने आष्टीहून केलेला फोन अर्धाच ऐकू आला, "बसली" एवढंच कळलं. बसमध्ये बसलीस की बस बसली, ते पुढच्या पत्रात लिही.

जयंतीच्या दिवशी दाराशी तू उभी, डोक्यावर पदर, काखेत चारोळीची पुरचुंडी, आणि पहिलं वाक्य काय, तर "मनी, येऊ नोको म्हणून लिवलं तू, म्हणून आली." स्वाती अजून त्या वाक्यावर हसते. तिचं आणि तुझं आंब्यावरून झालेलं बोलणं तर तिने कॉलनीभर सांगितलं. तिने फोडी पुढे केल्या, तू हात जोडलेस.

"नाई बाई, आमचा मारका पंडुम व्हाचा हाये."

"मावशी, हा तुमच्या गावचा नाही, आंध्रातला आंबा आहे. बाजारातला."

"आंबा आंध्रातला असन. पोट तं माह्यंच हाये नं?"

मग मी विचारलं, पत्रातलंच. आणि तू माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसलीस आणि अगदी सहज म्हणालीस, "नवं काई पोटात घ्याच्या आधी पुसावं लागते. ज्याईनं आधी खाल्लं, त्याईले. आपले म्हातारे, गेलेले. त्याईले पयले द्याचं, मंग आपण. नवी चीज कशी बाधते, हे ज्यानं खाल्लं तोच सांगू शकते नं." आणि लगेच, चहाला आधण आलं म्हणून सांगावं तशा आवाजात, "हे औषध तुह्या घरी आधी कोनं खाल्लं का?"

मी उठून गॅस बंद केला. गॅसवर काही नव्हतं.

तू गप्प राहिलीस म्हणून मला सांगता आलं. तू आश्चर्याने 'अगं बाई' म्हणाली असतीस, तर मी पुन्हा कमळाताईची कावीळच सांगितली असती. कावीळ, कावीळ. तीस वर्षं हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा बोलला गेला की तो खराच झाला. कमळाताईला कॅन्सर होता, तोही पोटाचाच, हे बाहेर कळलं असतं तर दिव्याला स्थळ आलं नसतं असं आमच्या आईचं म्हणणं. दिव्या तेव्हा तिसरीत होती. तिसरीतल्या पोरीच्या लग्नासाठी आम्ही तिच्या आईचं दुखणं बदललं. मग तिचं लग्न झालं, तिची मुलं मोठी झाली, आई गेली, आणि तरीही ते वाक्य आम्ही मोडलं नाही. मोडायचं आठवलंच नाही कोणाला.

आणि तू म्हणालीस, "मले वाटलंच होतं. मी आली होती नं तेव्हा, तुमच्या घरी. तिच्या तोंडात फोडच फोड होते. कावीळनं तोंड थोडीच सोलून निघते? पण तुमी सांगलं नाई, मी पुसलं नाई."

तिला नागपूरला सलाइनमधून औषध दिलं होतं. पहिलीच वेळ. घरी आणलं तेव्हा चांगली होती, दिव्याची वेणी घातली. काही दिवसांनी तोंड आलं, मग जुलाब, मग ताप. पाणी गिळवेना. मी कापूस भिजवून तिच्या ओठांवर पिळायची. दुसऱ्या वेळेचं औषध तिला घ्यावंच लागलं नाही. सगळे म्हणाले, रोगच फार पुढे गेला होता.

सोनी, तुला जे सांगितलं नाही ते आता लिहिते. समोर बोलायला जमलं नाही. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई एन्झाइमबद्दल बोलू लागल्या, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कमळाताईचे ओठ दिसले. मला त्याच क्षणी कळलं होतं. तरीही मी 'कोणी नाही' म्हटलं. जिभेची सवय होती, हे खरं. पण नुसती सवय नव्हती. मला वाटलं, ताईचं नाव घेतलं, तपासणी केली, आणि माझ्यातही तेच निघालं, तर या बाई म्हणतील, मग तुमच्यासाठी औषधच नाही. जे एक दार उघडं आहे, ते मी माझ्या हाताने लावून घेईन. मला जगायचं आहे गं. या वयात असं म्हणायची लाज वाटते, पण फार जगायचं आहे.

बुधवारी तू परत निघालीस, आणि आम्ही नागपूरला गेलो. खुर्चीत बसल्या बसल्या मी म्हटलं, "डॉक्टर, मागच्या वेळी मी खोटं बोलले." त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, फोडांपासून कापसापर्यंत. मग त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या बहिणीला नक्की काय झालं हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तेव्हा सलाइनमधून बहुधा याच जातीचं औषध देत, आणि ही तपासणी आपल्याकडे नव्हतीच. पण हे ऐकल्यावर मी रिपोर्टशिवाय तुम्हाला एकही गोळी देणार नाही."

मी विचारलं, "आणि रिपोर्ट वाईट आला तर?"

"तर डोस कमी करायचा. अगदीच नसेल ते एन्झाइम, तर दुसरं काही शोधायचं. दार बंद होत नाही मावशी, फक्त कुठून आत जायचं ते ठरतं. ऑपरेशनला फार दिवस झालेले नाहीत. वाट बघायला वेळ आहे आपल्याकडे."

दार हा शब्द मी उच्चारला नव्हता, सोनी. त्यांनीच उच्चारला.

रक्त दिलं. परतताना नागसेन गाडी चालवत होता. वरोऱ्याला टपरीवर गाडी थांबवली, चहा आणला, माझ्या हातात दिला, आणि मग, "मावशी कावीळनं गेली ना, आई?"

"नाही."

"आणि मी तुले म्हणून राह्यलो होतो, तपासणी सोड, लवकर सुरू कर." (चिडला की तो बापाच्या बोलीत जातो, तुला ठाऊक आहे.) "काऊन नाई सांगितलं?"

त्याने चहाचा कागदी कप चुरगाळला.

"प्लांटमधी कोनं अशी जुनी बिघाडाची गोष्ट लपवली असती नं, तर त्याले मेमो भेटला असता."

"मग दे मेमो."

"दिला समज," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून तसाच उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.

रिपोर्टची वाट पाहतो आहोत. स्वातीने सगळे आंबे शेजारी देऊन टाकले. म्हणते, सोनीमावशींचा पंडुम होईपर्यंत या घरात आंबा नको. तिला शपथ कोणी घातली नव्हती.

दिव्याला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, माझ्यात निघो न निघो, तिला हे कळलंच पाहिजे. तिच्या आईला आणि मावशीला एकच दुखणं, तर तिनेही पोट तपासून घ्यायला हवं. रोज फोन हातात घेते. आपल्या शाळेत कन्फेशनचा लाकडी खण होता, आठवतो? ख्रिस्ती मुली आत जाऊन बाहेर आल्या की त्यांचे चेहरे हलके दिसायचे आणि आपल्याला हेवा वाटायचा. मला आता कळतं, पलीकडच्याचा चेहरा दिसत नसे, म्हणून ते सोपं होतं.

मंगलमैत्रीसह,
मनी


ऊर्जानगर
२५ मे

माझी सोनी,

जय सेवा. आंबे मेच्या सुरुवातीलाच पोचले, कळवायला उशीर झाला. आष्टीच्या गाडीच्या कंडक्टरने टोपली स्टँडवर नागसेनच्या हाती दिली आणि सांगितलं, "त्या बाईनं निरोप देल्ला हाये, पंडुम झाला, आता खा म्हणाव." एवढा मोठा निरोप एसटीने आजवर वाहिला नसेल.

नेमका त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. मला आहे ती उणीव. पूर्ण नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन घरं काढून दाखवलं: आईकडून एक, वडिलांकडून एक, माझं एक घर चांगलं आहे, दुसरं अर्धवट. एन्झाइम आहे, पण कमी. म्हणून सुरुवात अर्ध्या डोसने, मग रक्त बघत, तब्येत बघत, पेलेल तसं वाढवायचं. "नेहमीसारखा पूर्ण डोस दिला असता तर?" नागसेनने विचारलं. त्यांनी कागदावरचं ते अर्धवट घर पेनाने पुन्हा गिरवलं.

बाहेर आल्यावर नागसेन म्हणाला, "म्हणजे आईला हाफ लोडवर सुरू करायचं. आम्ही टर्बाइनही एकदम फुल लोडवर नाही टाकत." मी म्हटलं, टर्बाइन तुझी सासू. बऱ्याच दिवसांनी तो मोठ्याने हसला.

दिव्याला फोन मी त्या दिवशी संध्याकाळी केला. थांबण्यात आता अर्थ नव्हता. ती भंडाऱ्याला असते, शाळेत शिकवते. तू तिला लग्नात पाहिलं होतंस. मी बोलत गेले, ती ऐकत गेली. शेवटी नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. दोन दिवस काही नाही. मला वाटलं, गेली ही पोरगी हातातून. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा.

आत आली, पाणी मागितलं. स्वातीने माठातलं दिलं. दिव्याने पेला हातात धरला आणि त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, आई काविळीने गेली म्हणून मी आजवर कोणाच्या घरचं न उकळलेलं पाणी प्यायले नाही. उसाचा रस नाही. पोरांना पाणीपुरी नाही. सहलीला गेली तरी घरचं पाणी बरोबर. मुलं मला हसतात. माझं सगळं आयुष्य मी त्या काविळीला घाबरून काढलं."

माझी मान वर होईना.

"तिला फार त्रास झाला का?" तिने विचारलं.

'नाही' जिभेवर आलं होतं, सोनी. तयार शब्द, तीस वर्षं घासलेला. मी तो गिळला. "हो," म्हटलं. "झाला. पण घरी आल्या आल्या तिने तुझी वेणी घातली. दोन वेण्या, लाल रिबन. आणि तुला म्हणाली, हलू नकोस, भांग वाकडा होतो."

"आठवतं मला," दिव्या म्हणाली. "मी हलले होते." मग ती रडली. मी रडले. स्वाती तर आमच्या आधीच. मग दिव्याने तो पेला उचलला आणि माठातलं सगळं पाणी एका दमात प्यायली.

ती दुसऱ्या दिवशीही थांबली. तू सांगितलं होतंस तसं मी केलं. म्हणजे माझ्या रीतीने. तुमचे देव माझ्याकडे नाहीत. कमळाताईचा फोटो कपाटातून काढून बाहेरच्या खोलीत ठेवला. तो आत का होता, हे आता घरात कोणी विचारत नाही. स्वातीने मेणबत्ती लावली. फोटोसमोर तुझा एक आंबा चिरून ठेवला, आणि शेजारी गोळ्यांची पट्टी. मी मनात म्हटलं, ताई, तू हे आधी घेतलंस. तुला काय झालं ते तू सांगितलंस, आम्हीच ऐकलं नव्हतं. आता ऐकलं आहे.

मग आंबा सगळ्यांनी खाल्ला. दिव्याने कोय मागून घेतली. नाश्ता करून मी पहिली गोळी घेतली. सगळे माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जणू मी आता फुटणार. मी म्हटलं, "आंबा आंबट होता." हशा झाला. खोटं होतं, आंबा गोड होता. एवढं खोटं चालतं ना?

पहिली फेरी संपली. मळमळ होते, तळपायांची थोडी आग होते, दुपारी झोप येते. रोज सकाळी खिडकीशी आरसा घेऊन तोंड उघडून बघते: जीभ, गाल, हिरड्या. एकही फोड नाही. काल नागपूरला रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी थोड्या खाली आल्या आहेत, पण डॉक्टर म्हणाल्या, "छान. पुढच्या फेरीत अगदी थोडं वाढवू." नागसेनने लगेच स्वातीला फोन केला, "लोड वाढवून राह्यले आईचा!" पुढे काय होईल ते मला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण त्या एन्झाइमच्या जोरावर नाही, तर त्याची उणीव ठाऊक असण्याच्या जोरावर मी चालते आहे, आणि पाय जमिनीला लागताहेत.

दिव्याने भंडाऱ्याला जाऊन स्वतःची तपासणी ठरवली आहे. तिथल्या डॉक्टरने तिला तोच प्रश्न विचारला, घरात कोणाला होतं का. तिने फोनवर मला सांगितलं, "मावशी, मी पूर्ण नाव घेऊन सांगितलं. माझी आई, कमळा." तिचा आवाज हलका होता. आता पलीकडून चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्या आंब्यांतली आणखी एक कोय मी कुंडीत लावली आहे. राखेत काय येईल ते येईल. पावसाळ्यानंतर मला बाहेर फिरायची परवानगी मिळेल. तेव्हा आष्टीला बस बदलून मी येईन, तुझ्या अंगणात पाय पसरून बसेन, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या मारका पंडुमला, आधी तुझ्या म्हाताऱ्यांना देऊन झालं की, मला एक आंबा दे. बोर्डिंगमधला तुझा आंबा मी न विचारता खाल्ला होता. हा विचारून खाईन.

नातवंडांना आशीर्वाद. जंगूला सांग, टॉवरकडे एकदा बघून ये.

तुझी, आणि कमळाताईची धाकटी बहीण,
मनकर्णा